धाव वाढवताना



या व्यासपीठावरून संतवाङ्मयावर व्याख्याने होतात, इतिहासावर होतात, शेतीपाण्यावर होतात. त्यांच्या ओळीत 'मोटारीच्या इंजिनातील क्रँकशाफ्ट' हा विषय पाहून पुष्कळांच्या भुवया वर गेल्या असतील. कामगार संघटनेचा माणूस बोलावला म्हणजे तो बोनसवर बोलेल, फार तर ऊसतोडीच्या कोयत्यावर आणि उचलीवर बोलेल, अशी आपली समजूत असणार. आणि ती अगदीच गैर नाही. परंतु आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्यात फार झाले. ज्या यंत्राशेजारी माणूस उभा असतो त्या यंत्राची भाषा कळल्यावाचून त्या माणसाची बाजू नीट मांडता येत नाही. म्हणून पाळी सुटल्यावर आम्ही यंत्रशास्त्राची पुस्तके वाचू लागलो. आधी मराठीतली, मग शब्दकोश मांडीवर घेऊन इंग्रजीतली. त्या वाचनाची आणि पाहण्याची थोडी शिदोरी आज आपल्यापुढे सोडतो.

हाच विषय का, तेही सांगून टाकतो. अलीकडे मराठवाड्यात गावोगावी जुन्या गाड्या पुन्हा रस्त्यावर आणण्याची हौस वाढली आहे. वाड्याच्या मागे, गंजीच्या आडोशाला पडलेली आजोबांची फियाट नातू बाहेर काढतो, रंग देतो, गादी बदलतो. मग मांजरसुंब्याच्या घाटात चार माणसांनिशी ती गाडी धापा टाकू लागली, की त्याला वाटते, इंजिनच मोठे करावे. मोबाइलवर परदेशी चित्रफिती पाहिलेल्या असतात. त्यांत सांगितलेले असते, 'लांब स्ट्रोकचा क्रँक घाला, तीच गाडी पळू लागेल.' हे खरे की खोटे, असे आम्हांला विचारले जाते. ते खरे आहे. पण अर्धे खरे आहे, आणि उरलेले अर्धे फार खर्चाचे व थोडे धोक्याचे आहे.

प्रथम यंत्र समजून घेऊ. सायकलीत हवा भरण्याचा पंप आपण सर्वांनी मारला आहे. नळी जाड असेल तर एका फटक्यात हवा जास्त जाते. नळी तीच ठेवून दांडा अधिक लांब ओढला तरीही हवा जास्त जाते. इंजिनाच्या सिलिंडरचे असेच आहे. नळीच्या व्यासाला मिस्त्री 'बोअर' म्हणतात. दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत जेवढे अंतर चालतो, त्याला ते 'स्ट्रोक' म्हणतात. आम्ही त्याला 'धाव' म्हणू. सर्व सिलिंडर मिळून एका फेऱ्यात पिस्टन जेवढी जागा झाडून काढतात तिचे माप म्हणजे गाडीची सी.सी. आणि पिस्टनच्या वरखाली जाण्याचे फिरण्यात रूपांतर करणारा, कोपरासारखा जागोजाग वाकलेला पोलादी दांडा म्हणजे क्रँकशाफ्ट. त्याचे कोपर मधल्या आसापासून जितके दूर, त्याच्या दुप्पट पिस्टनची धाव. कोपर एक मिलिमीटर बाहेर सरकवा, धाव दोन मिलिमीटर वाढते.

धाव हा शब्द आम्ही मुद्दाम घेतला. आपल्यातील वडीलधाऱ्यांनी मोट पाहिली आहे. विहिरीच्या काठापासून बैल ज्या उतारावर चालत जातात ती धाव. विहीर खोल तर धाव लांब. आता विचार करा: धाव लांब केली, पण तासाला मोटा तेवढ्याच निघाल्या पाहिजेत असा धन्याचा हट्ट असेल, तर बैलांनी काय करावे? त्यांना पळावे लागेल. दर फेरीला थांबून मागे फिरणे आहेच. तेही जास्त वेगातून थांबणे आणि जास्त वेगाने सुटणे. इंजिनाची धाव वाढवली की पिस्टनची नेमकी हीच गत होते.

हिशेब करून पाहू, आणि आपल्या ओळखीच्या गाडीवर पाहू. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला उभा राहिला. तेथे १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट ही गाडी निघू लागली, आणि १९७४ पासून तीच पद्मिनी या नावाने आपल्या घरादारांत पोचली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीचे दुसरे नाव म्हणजे ही गाडी. अशी शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या कार्यालयात नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मुदत भरल्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली. या गाडीच्या इंजिनाचे बोअर ६८ मिलिमीटर, धाव ७५ मिलिमीटर, सिलिंडर चार, एकूण १०८९ सी.सी. हेच माप फियाटने इटलीत १९३७ सालच्या आपल्या गाडीत घातले होते. म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या आधी ठरलेली धाव आपण विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत वापरली!

या इंजिनात धावेचा प्रत्येक मिलिमीटर सुमारे साडेचौदा सी.सी. देतो. धाव ७५ ची ८० केली तर इंजिन ११६२ सी.सी.चे होईल. त्याच्या मोबदल्यात पिस्टनने काय द्यायचे? क्रँक मिनिटाला ४८०० फेरे घेतो असे धरा. म्हणजे सेकंदाला ८०. एका फेऱ्यात पिस्टन ७५ वर आणि ७५ खाली, असा १५० मिलिमीटर चालतो. सेकंदाला झाले १२ मीटर. धाव ८० केल्यावर तेच १२.८ मीटर होतात. ऐकायला फरक किरकोळ वाटतो. परंतु हा सरासरी वेग आहे, आणि पिस्टन काही एका दिशेने पळत नाही. तो सेकंदाला १६० वेळा पूर्ण थांबतो आणि उलटा फिरतो. उलटा फिरण्याच्या त्या क्षणी त्याला बसणारा हिसका पृथ्वीच्या ओढीच्या हजार पटींहून जास्त असतो. हा हिसका सोसणारी वस्तू म्हणजे कनेक्टिंग रॉड आणि त्याचे दोन बोल्ट. धाव वाढली की हिसका त्या प्रमाणात वाढतो. फेऱ्यांची संख्या वाढली तर वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून लांब धावेचे इंजिन जास्त फेऱ्यांवर नेऊ नये, हा जुन्या मिस्त्रींचा दंडक शास्त्राला धरूनच आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण शिकलेले लोकही तो बाळगतात. 'लांब स्ट्रोकला ओढ जास्त, कारण दांडी लांब' असे म्हणतात. बोअर तेच ठेवून दांडी लांब केली तर ओढ वाढते हे खरे. आपल्या उदाहरणात ती शेकडा साडेसहाच्या आसपास वाढेल. पण सी.सी.ही तेवढीच वाढलेली असते! समजा दोन इंजिने सारख्याच सी.सी.ची आहेत, एक जाड नळीचे व आखूड धावेचे, दुसरे बारीक नळीचे व लांब धावेचे. दुसऱ्याची दांडी लांब असली तरी बारीक पिस्टनवर दाबाचे बळच कमी पडते, आणि दोन्हींची ओढ जवळपास सारखी येते. तेव्हा जादू दांडीत नाही, वाढलेल्या जागेत आहे. त्या जागेत हवा आणि पेट्रोल भरले गेले तरच तिचा उपयोग. कार्बोरेटर तोच, व्हॉल्व्ह तेच ठेवले, तर कमी फेऱ्यांवर फायदा दिसतो, घाटात गियर कमी वेळा बदलावा लागतो. पण सपाट रस्त्यावर पुरा अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर गाडी जवळपास पूर्वीइतकीच पळते. मोठे पोट आणि लहान तोंड, अशी तिची अवस्था होते.

मग पूर्वी इंग्रजी गाड्यांची इंजिने इतक्या लांब धावेची का असत? आपल्या अँबॅसॅडरचे जुने १४८९ सी.सी.चे इंजिन पाहा. बोअर ७३, धाव जवळपास ८९. याचे एक मोठे कारण लोखंडात नाही, सरकारी तिजोरीत आहे. इंग्लंडात १९२१ पासून मोटारीवर दर अश्वशक्तीमागे एक पौंड कर होता, आणि ती 'अश्वशक्ती' मोजण्याच्या सूत्रात फक्त बोअर आणि सिलिंडरची संख्या धरलेली होती. धाव हिशेबात नव्हतीच. मग कारखानदारांनी नळ्या बारीक ठेवल्या आणि धाव लांबवत नेली. दुसऱ्या महायुद्धानंतर तो कर गेला, पण यंत्रे, साचे आणि सवयी मागे उरल्या. आणि त्यांतलीच काही पुढे आपल्या पदरात आली. हे वाचून हसू नये. आपल्याकडे २००६ साली लहान गाड्यांना अबकारी करात सवलत मिळाली, तेव्हा पेट्रोल इंजिनाची मर्यादा १२०० सी.सी. ठरली, त्यानंतर बाजारात ११९७ आणि ११९९ सी.सी.ची इंजिने कशी पिकली ते आपण पाहतोच आहोत. कायद्याची एक ओळ पोलादाचा आकार बदलू शकते, ही गोष्ट आम्हां संघटनेच्या लोकांना फार आवडते.

असो. इंजिन मोठे करण्याची वाट कारखानदार कशी धरतात हे पाहण्यासारखे आहे. याच फियाट ११०० ची सुधारणा इटलीत १९५७ च्या सुमारास झाली, तेव्हा त्यांनी क्रँकच्या धावेला हात लावला नाही. ७५ ची धाव तशीच ठेवून बोअर ६८ चे ७२ केले आणि १२२१ सी.सी. मिळवले. तेवढीच वाढ धावेने करायची असती तर धाव ८४ करावी लागली असती. कारखान्याला ब्लॉकचे ओतकाम बदलता येते, म्हणून त्याला हे सोपे. आपल्या लेथवाल्याला ते जमणार नाही. झिजलेले सिलिंडर बोअर करून एक मिलिमीटर मोठे पिस्टन बसवले तर जेमतेम तीस-बत्तीस सी.सी. हाती येतात, आणि फार खरवडले तर पाण्याच्या जाकिटापर्यंतची भिंत पातळ होते.

उलट धावेचेही उत्तम उदाहरण आहे, आणि तेही फिरून प्रीमियरच्याच दारात येते. जपानच्या निसान कंपनीने १९६६ साली डॅट्सन सनी या गाडीसाठी 'ए-१०' नावाचे इंजिन काढले. बोअर ७३, धाव ५९, एकूण ९८८ सी.सी. चार वर्षांनी, १९७० साली, त्यांनी बोअर तेच ठेवले आणि धाव ११ मिलिमीटरांनी वाढवून ७० केली. इंजिन ११७१ सी.सी.चे झाले, त्याचे नाव 'ए-१२'. प्रीमियरने १९८५ साली आणलेल्या ११८ एन.ई. या गाडीत हेच इंजिन होते. आता मर्माची गोष्ट ऐका. ए-१० चा क्रँक तीन मुख्य बेअरिंगांवर फिरत असे. धाव वाढवताना निसानच्या लोकांनी ती तीनची पाच केली. चार सिलिंडर, आणि प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंस आधार!

याची गरज का पडावी? क्रँकच्या मधल्या आसाचे गोल आणि कोपराचे गोल हे समोरून पाहिले तर एकमेकांवर थोडे चढलेले दिसतात. जितके चढलेले तितका क्रँक बळकट. कोपर बाहेर सरकले की ही चढण कमी होते, मधला जोड लवचीक होतो, आणि जादा भाराखाली क्रँक वाकू, पिळू लागतो. म्हणून आधार वाढवले. कारखान्यात जुळणीच्या पट्ट्याचा वेग वाढवला की आम्ही मागणी करतो, 'दोन माणसे वाढवा'. तेव्हा व्यवस्थापकांच्या कपाळाला आठ्या पडतात. त्यांच्याच इंजिनीयरांनी लोखंडाच्या बाबतीत ही मागणी न बोलता मान्य केलेली असते, एवढेच येथे नोंदवतो आणि पुढे जातो. आपल्या पद्मिनीचा क्रँक मात्र तीनच आधारांवर आहे, आणि त्या ब्लॉकमध्ये चौथा-पाचवा घालण्याची सोय नाही.

विलायतेतील मिनी कूपर एस या लहान गाडीची कथा याला पुष्टी देते. १९६३ आणि १९६४ मध्ये तिची तीन इंजिने निघाली. तिघांचे बोअर एकच, ७०.६, धाव मात्र सुमारे ६२, ६८ आणि ८१. त्यातून ९७०, १०७१ आणि १२७५ सी.सी. अशी मापे झाली, कारण शर्यतींच्या वर्गांच्या मर्यादा १०००, ११०० आणि १३०० सी.सी. होत्या. एकच नळी, तीन धावा! पण त्यांनी साध्या गाडीचा क्रँक घेतला नाही. विशेष पोलादाचा, नायट्रोजनच्या प्रक्रियेने पृष्ठभाग कठीण केलेला क्रँक घडवला. पोलाद तापवून साच्यात दाबून घडवण्याचे हे काम पुण्याच्या मुंढव्यात भारत फोर्जमध्ये होते; आपल्या भागातली मुले पुण्याला कामाला जातात, त्यांतल्या कोणी ते पाहिलेही असेल. लाल झालेला दांडा घणाखाली आला की जमीन हादरते.

गावात हे काम कसे करतात? दोन रीती आहेत. एकीत कोपराच्या गोलावर वेल्डिंगने धातू चढवतात आणि नव्या केंद्रावर घासून घेतात. उष्णतेने दांडा वाकडा होण्याची, आत ताण राहून जाण्याची भीती मोठी. आम्ही तिच्या बाजूने बोलणार नाही. दुसरी रीत अधिक शहाणी. कोपराचा गोल समजा ४० मिलिमीटरचा आहे. तो केंद्र एक मिलिमीटर बाहेर धरून ३८ चा घासतात. धातू बाहेरून चढवावा लागत नाही आणि धाव दोन मिलिमीटर वाढते. पण गोल बारीक झाल्याने त्याला जुळणारा रॉड आणि बेअरिंग शोधावे लागते. त्याहून नाजूक गोष्ट म्हणजे गोल आणि बाजूची भिंत मिळतात त्या कोपऱ्यातली गोलाई. घासणाऱ्या कामगाराने घाईत तेथे धारदार कोपरा सोडला, तर काही हजार किलोमीटरांनंतर भेग तेथूनच सुरू होते. ती गोलाई एका विशिष्ट मापाची यावी म्हणून ग्राइंडिंगच्या चाकाची कड हिऱ्याने घडवून घेणारे कारागीर आम्ही पाहिले आहेत. दिवसाला क्रँक किती झाले यावर मजुरी ठरली, की पहिली गदा या गोलाईवर येते.

क्रँक तयार झाला तरी काम संपत नाही. धाव पाचने वाढली की पिस्टन अडीच मिलिमीटर जास्त वर चढतो आणि हेडला भिडू पाहतो. म्हणून पिनचे भोक वर असलेले आखूड पिस्टन हवेत. दाबाचे प्रमाणही बदलते: आधी साडेसात असेल तर, बाकी काही न बदलता, ते ७.९ पर्यंत जाते. खाली रॉडचा मोठा गळा जास्त दूरवर फिरतो. तो कॅमशाफ्टला, सिलिंडरच्या खालच्या काठाला किंवा तेलाच्या चेंबरला घासतो की काय, हे इंजिन हाताने सावकाश फिरवून पाहावे लागते. मग क्रँक, फ्लायव्हील आणि क्लच एकत्र तोलून घ्यायचे. आणि एवढे सगळे झाल्यावर ज्या गोष्टीचा विचार कोणीच करत नाही ती उरते: ब्रेक. पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. घाट चढण्याची ताकद वाढवली, तरी घाट उतरायचा आहे तो जुन्याच ब्रेकवर.

आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांचे उदाहरण सांगतो. ते या भागातले शिक्षक. वडिलांनी १९७० साली घेतलेली फियाट त्यांच्याकडे आहे. वडील गेले, आणि मुलाने ठरवले की इंजिन मोठे करून गाडी लांबच्या प्रवासाला न्यावी. एका गॅरेजवाल्याने मोठी रक्कम सांगितली होती, आणि गुरुजी फंडातून ती काढण्याच्या बेतात होते. आम्ही त्यांना कागद दाखवले. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या नोंदणीपुस्तकात नोंदलेल्या गोष्टींत फरक पडेल असा बदल परस्पर करता येत नाही, आणि सी.सी. ही त्या पुस्तकात लिहिलेली असते. विम्याचा दावाही मग अडू शकतो. याहून मोठी गोष्ट २०२१ च्या जुलैत झाली. पन्नास वर्षांहून जुन्या खाजगी दुचाकी-चारचाकींना 'विंटेज' म्हणून वेगळी नोंदणी देण्याचे नियम केंद्र सरकारने केले. अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात असावी. सांगाडा, काया किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. अशी नोंदणी घेतली तर ती गाडी रोज रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शन, रॅली अशा कारणांपुरतीच आणता येते. तेव्हा तो मार्ग सर्वांच्या सोयीचा आहे असे नाही. पण वडिलांच्या गाडीचे ते दार आपल्या हाताने बंद करायचे का, हे गुरुजींना आणि त्यांच्या मुलाला आधी ठरवायचे होते.

मुलगा आमच्यावर रागावला. "काका, तुम्ही आयुष्यभर 'वाढवून द्या' म्हणून भांडलात, आणि मलाच 'नको' म्हणता?" असे तो म्हणाला. प्रश्न चांगला होता. आम्ही त्याला म्हणालो, बाबा रे, आधी हे बघ की तुझे इंजिन मुळात जेवढे द्यायला बांधले आहे तेवढे तरी देते का. चारही सिलिंडरांचा दाब मोजून घेतला. दोन सिलिंडर पार उतरलेले निघाले. व्हॉल्व्ह बसवून घेतले, नव्या रिंगा घातल्या, कार्बोरेटर धुऊन त्याची जेट मूळ मापाची केली, प्रज्वलनाची वेळ लावली, रेडिएटरमधला गाळ काढला, ब्रेकचे लायनर बदलले. गॅरेजवाल्याने सांगितलेल्या रकमेच्या चौथाईत हे झाले. गाडी आता तिसऱ्या गियरात मांजरसुंब्याचा घाट चढते. ज्याला शर्यतीसाठीच गाडी बांधायची आहे, त्याने धाव अवश्य वाढवावी. पण त्याने ब्लॉक, रॉड, तेल आणि ब्रेक यांचाही खर्च मांडून मग आकडा पाहावा.

शेवटी एक उपयोगाची गोष्ट. जुना क्रँक घासायला देण्यापूर्वी तो निकोप आहे की नाही, हे पाहायला यंत्र लागत नाही. बाजारात मडके घेताना आपल्या आयाबहिणी ते बोटाने वाजवून पाहतात, तसेच करायचे. क्रँक स्वच्छ धुऊन दोरीला अधांतरी टांगावा आणि लहान हातोडीने हलकेच ठोकावा. निकोप असेल तर घंटेसारखा नाद लांबत जातो. भेग असेल तर बद्द आवाज येऊन विरतो. बारीक भेगा यातून निसटू शकतात, त्यांच्यासाठी चुंबकाची तपासणी आहे; पण मोठी भेग लपत नाही. उद्या दुपारपर्यंत आम्ही केजमध्येच आहोत. ज्यांच्या घरी, गॅरेजात असा जुना क्रँक पडून असेल त्यांनी तो सकाळी येथे मंडपात घेऊन यावा. दोरी आणि हातोडी आमच्याजवळ आहे.